दहा लाख पंधरा हजार एकशे एकोणसत्तर

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आधी दिवा गेला, मग डोक्यावरचा छोटा पंखा घरघरत बंद पडला. आत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, दोन वर्षांपूर्वी छातीत टाकलेली स्प्रिंग, आणि गेले चार दिवस जिना चढताना लागणारा दम. तो दम दाखवायलाच त्यांना जळगावच्या त्या दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर बसतात. दम लागणाऱ्या माणसाला जिना नको म्हणून मीच त्यांना हट्टानं लिफ्टमध्ये घातलं. माझं शहाणपण हे असं असतं.

मे महिना, भर दुपार. लोखंडी डब्यात उकाडा भरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी धोक्याचं बटण दाबलं, तेही मुकं. मोबाइलला रेंज नाही. दारावर थापा मारल्या तेव्हा खालून कुठून तरी वॉचमनचा आवाज आला, "लाइट गई शे ताई. बठ्ठं बंद शे. जनरेटरवाला जेवाले गया, आत्ते ई." म्हणजे जनरेटरवाला जेवून येईपर्यंत आम्ही आत.

"दार उघड," आबा म्हणाले.

"उघडत नाही आबा. येईल लाइट. तुम्ही खाली बसा."

"मले श्वास येत नाही, बाई."

मोबाइलच्या उजेडात त्यांचा चेहरा राखेसारखा दिसला. मी त्यांना धरून खाली बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि मनगट हातात घेतलं. नाडी पळत होती. मला भीती वाटली. मी गणिताची शिक्षिका, धुळ्याच्या एका शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. घाबरलेल्या माणसाचा श्वास कसा खाली आणायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. मला येते ती एकच गोष्ट, आणि तीही यांनीच शिकवलेली. मी म्हटलं, "आबा, आकडा द्या. मोठा द्या."

आमच्या घरात आकडा देणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचं गाव रावेरकडचं, केळीचं. तिकडे कुणाची शेती किती हे एकरात कुणी सांगत नाही, खोडांत सांगतात. पाच हजार खोडं, दहा हजार खोडं. केळीचं एक झाड म्हणजे एक खोड. लावणीच्या वेळी आबा बांधावर उभे राहून मला विचारायचे, एकशे त्रेचाळीस कंद आहेत, सगळ्या ओळी सारख्या आल्या पाहिजेत, एकही कंद उरता कामा नये, कशी लावशील? मी सहा-सात वर्षांची असेन. काडीनं मातीत रेघा ओढत बसायचे आणि कधीतरी सापडायचं, अकरा ओळी, तेरा-तेराच्या. मग ते म्हणायचे, "तुटला." आकडा असा सारख्या ओळींत बसला की तो तुटला. काही आकडे मात्र तुटायचेच नाहीत. एकशे एक कंद घेऊन किती का डोकं खाजवा, त्यांची एकच लांबलचक ओळ होते. त्याला आबा 'एका ओळीचा आकडा' म्हणायचे. पुस्तकात त्याला मूळ संख्या म्हणतात हे मला शाळेत कळलं, आणि पुस्तकातलं नाव मला जरा फिकंच वाटलं.

हा नुसता खेळ नव्हता. गावात कुणाचं काही अडलं की लोक भगताकडे दाणे टाकायला जायचे. भगत ज्वारीची चिमूट पाटावर टाकायचा आणि दोन-दोन दाणे बाजूला सारायचा. शेवटी जोडी पुरी झाली तर होकार, एक दाणा उरला तर नकार. माझी आत्या नकार आला की तिथून हलायची नाही. "पुन्हा टाका," म्हणायची, आणि होकार येईपर्यंत बिचाऱ्याला टाकायला लावायची. आबा तिची फार थट्टा करायचे. त्यांचा भगत म्हणजे आकडा. विहीर खोदायची का, बैल घ्यायचा का, असं काही ठरत नसलं की ते समोर येईल तो आकडा धरायचे, ट्रकचा, पावतीचा, बसच्या तिकिटाचा. तुटला तर करायचं, नाही तुटला तर सोडून द्यायचं. "भगत नुसता दोननं भागतो," ते म्हणायचे, "मी साऱ्यायनं भागतो. अन् आकडा एकदाच बोलतो. त्याले पुन्हा पुन्हा विचारायचं नसतं."

तर लिफ्टमध्ये मी म्हटलं, आकडा द्या. आबांनी क्षणभरही विचार केला नाही.

"दहा लाख पंधरा हजार एकशे एकोणसत्तर."

इतका मोठा आकडा इतक्या पटकन आला, याचं मला जरा नवल वाटलं. पण ते बोलत होते, आणि बोलणारा माणूस श्वास घेतो, एवढंच मला हवं होतं. मी मोठ्यानं सुरू केलं. विषम आहे, म्हणजे दोन गेला. शेवटी नऊ, म्हणजे पाच गेला. अंकांची बेरीज तेवीस, म्हणजे तीनही गेला. सात, अकरा आणि तेरा हे तिघं एकदमच पाहता येतात. आकड्याचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे तुकडे करायचे, एकशे एकोणसत्तर, पंधरा, एक. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, तिसरा मिळवायचा. आले एकशे पंचावन्न. सातनं एक उरतो, अकरानं एक उरतो, तेरानं एक कमी पडतो.

"चिवट आहे हो," मी म्हटलं. "आता सतरा."

"सतरा नको लावू. शंभराच्या आतले सारे मी करून बसेल आहे. एकशे एकपासून धर."

मी एकशे एकपासून धरलं. तपासलं नाही. कशाला तपासायचं? या माणसाची औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, या वयातही अडखळत नाही. केळीच्या व्यापाऱ्याचा मुनीम कागदावर बेरीज करायचा तोवर यांची तोंडी होऊन गेलेली असायची. त्यांनी केले म्हटल्यावर मी कोण परत करणारी? एकशे एकनं अठरा उरले. एकशे तीननं एक उरला, नुसता एक, जीव चुटपुटला. नाडी अजून पळत होती, पण मघापेक्षा कमी.

"कधी केले हे सगळे?" मी विचारलं.

"लय दिवस झाले. सव्वीस वर्ष."

"सव्वीस वर्षं एकच आकडा? कसला आहे तरी कसला हा?"

खाली कुणीतरी जिन्यावरून चपला वाजवत गेलं. मग आबा म्हणाले, "मी काही आता आठून निघत नाही, असं वाटतं. तुले सांगून टाकतो."

"निघाल इथून. उगाच काहीबाही बोलू नका."

"तुह्या फॉर्मचा नंबर आहे तो, बाई. पुण्याच्या."

सव्वीस वर्षांपूर्वी मी जळगावला बी.एस्सी. झाले, गणित घेऊन. एम.एस्सी.साठी पुण्याला फॉर्म भरला होता. यादी तिथं भिंतीवर लागायची, ती जाऊन पाहायची. पोरीनं एकटीनं कशाला जायचं, म्हणून आबा माझी पावती खिशात घालून गाडीनं गेले. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक कॅल्क्युलेटर होता, चांगला, साईन-कॉसवाला. "नाही लागलं नाव," ते म्हणाले, "पण हे घे." मी तो घेतला आणि न्हाणीत जाऊन रडले. दिवाळीनंतर धुळ्याला माझं लग्न झालं.

"यादीत होता नंबर?"

"वरून चौथा."

दार आपटून निघून जावं असा राग मला आयुष्यात दोन-तीनदाच आला असेल, आणि त्यातला सगळ्यात मोठा यायला नेमकी ही जागा मिळाली. दार होतं, पण ते उघडत नव्हतं. ओरडायचीही सोय नव्हती. त्यांच्या छातीत स्प्रिंग, माझ्या बोटांखाली त्यांची नाडी. हात काढून घ्यावा असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. काढला नाही, एवढंच.

वरून चौथा. माझे यजमान चांगले आहेत, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी म्हणाले होते, बाहेरून कर की एम.एस्सी. मी म्हटलं, नको, माझं नावच लागलं नव्हतं, आपल्यात तेवढं नाही. बी.एड. केलं आणि शाळेत लागले. पुढं कनिष्ठ महाविद्यालयात जागा निघाली की, आता तरी एम.एस्सी. कर म्हणून, स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मी वह्या तपासत बसायचे. दोनदा झालं असं. संख्यांमध्ये एक वर्ग आहे. ज्या संख्येच्या भाजकांची बेरीज, ती स्वतः सोडून, तिच्यापेक्षा कमी भरते, तिला न्यून संख्या म्हणतात. ती फळ्यावर शिकवताना दरवर्षी माझ्या मनात यायचं, ही मी. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं. भिंतीवरच्या एका यादीनं सांगितलं होतं, आणि ती यादी मी पाहिली नव्हती.

"का पण, आबा?"

"होस्टेल पाहाले गेलतो. म्हटलं पाहून तरी घेऊ, कसं आहे. फाटकात पोरी उभ्या व्हत्या. चहा पित व्हत्या, हसत व्हत्या. एकीचंबी तोंड घराकडं नव्हतं. मले वाटलं, ही आली आठी तर परत येनार नाही."

"आले असते मी."

"मले काय ठाऊक." त्यांनी घाम पुसला. "मंग गाडीत बसलो. काही सुचे ना. खोटं बोलायचं का खरं, ठरे ना. मंग पावती काढली अन् तुहाच नंबर धरला. म्हटलं, तुटला तर घरी जाऊन खरं सांगायचं. नाही तुटला तर नाही."

"आणि?"

"लावतोच आहे अजून."

माझं शिक्षण या माणसानं आकड्यावर टाकलं होतं, विहिरीसारखं, बैलासारखं. आणि तरी त्या अंधारात मला हेही दिसत होतं, की सव्वीस वर्षं केळीला पाणी धरताना, ओट्यावर बसताना, आई आजारी असताना दवाखान्याच्या बाकावर, हा माणूस माझा नंबर घोकत होता. त्यांच्या घामाचा वास येत होता. माझा हात मनगटावर तसाच होता.

"एकशे सात," मी म्हटलं. "साठ उरले."

"हां," आबा म्हणाले.

एकशे नऊ झाला, एकशे तेरा झाला, आणि मग पंखा फिरला.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठीक आहे म्हणाले. उन्हाचं आणि घाबरण्याचं आहे, एक गोळी बदलून देतो, पण दोन महिने यांना घरात एकटं ठेवू नका. रिक्षानं आम्ही जळगावातल्याच पिंप्राळ्याला आलो. आई गेल्यापासून आबा तिथं माझ्या धाकट्या भावाकडे राहतात. भावाला मी काही सांगितलं नाही. संध्याकाळच्या बसनं धुळ्याला आले.

मोबाइलवर तो आकडा टाकला असता तर एका क्षणात कळलं असतं, तुटतो की नाही. मी टाकला नाही. त्यांनी आणलेला तो कॅल्क्युलेटर कपाटात अजून चालू आहे, त्यालाही हात लावला नाही. यांनी सव्वीस वर्षं हातानं केलं ना, मग मीही हातानं करते, असं मी ठरवलं. दुसरं-तिसरं काही नाही, राग होता तो. हिशोब सोपा होता. या आकड्याचं वर्गमूळ एक हजार सातच्या जरासं पुढं येतं. तिथवरच्या कुठल्याच मूळ संख्येनं तो तुटला नाही, तर कशानंच तुटत नाही. शंभराच्या आतल्या आबांनी केलेल्या होत्या. राहिल्या शंभर ते हजारमधल्या, आणि त्या एकशे त्रेचाळीस. लहानपणी मातीत रेघा ओढून तोडलेला तोच आकडा.

शाळेला सुट्टी होती. रोज दुपारी जेवणं उरकली की कूलर लावून मी जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसायचे. रोज दहा-बारा भागाकार. यजमान विचारायचे, काय चाललंय? मी म्हणायचे, भागाकार. पहिले चार दिवस पेन्सिलीचं टोक सारखं मोडत होतं. मग हळूहळू हात सैल झाला. प्रत्येक भागाकाराला काही ना काही उरायचंच, आणि ते उरलेलं पाहून मला आबा दिसायला लागले. बांधावर बसलेले, बोटांवर मोजणारे. त्यांनाही असंच उरत गेलं असेल. तुटावा म्हणून वाट पाहत असतील. कदाचित तुटावा असं त्यांना माझ्याइतकंच वाटत असेल.

शेवटची मूळ संख्या नऊशे सत्त्याण्णव. दोनशे तेवीस उरले. झालं. एका ओळीचा आकडा. मी वही मिटली आणि रडले, आणि त्या रडण्यात राग कमी होता. माणूस आपल्या नेमाला धरून होता. चुकीच्या नेमाला, पण धरून होता. आकडा तुटलाच नाही तर बिचारा सांगणार कसा?

मी फोन लावला. "आबा, केला मी पुरा. तो तुटतच नाही. एका ओळीचा आहे. आता सोडा त्याला."

ते म्हणाले, "बरं."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आठवीच्या पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही, मुलांना आनंदी संख्या दाखवते. खेळ असा, की कुठलीही संख्या घ्यायची, तिच्या प्रत्येक अंकाचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. जी येईल तिचं पुन्हा तसंच. असं करत करत एकवर पोचली तर ती संख्या आनंदी. नाही पोचली तर ती आठ संख्यांच्या एका रिंगणात सापडते आणि तिथंच फिरत राहते, कायमची. मुलं आपापल्या संख्या सांगत होती. काय मनात आलं कोण जाणे, मी फळ्यावर आबांचा आकडा लिहिला. एक, शून्य, एक, पंचवीस, एक, छत्तीस, एक्क्याऐंशी. बेरीज एकशे पंचेचाळीस. त्यानंतर बेचाळीस. मग वीस, चार, सोळा, सदतीस, अठ्ठावन्न, एकोणनव्वद, आणि परत एकशे पंचेचाळीस.

"अडकला, मॅडम," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"अडकला," मी म्हटलं. पहिल्याच उडीत रिंगणात पडला होता. मी खडूनं त्या आठ संख्यांभोवती गोल काढला आणि सदतीसपाशी माझा हात थांबला. रिंगणात सदतीस येतो याचा भागाकाराशी काडीचाही संबंध नाही, मुलांनी विचारलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं. पण सदतीसची कसोटी मी दरवर्षी याच वर्गाला शिकवते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे तुकडे करा आणि नुसते मिळवा. एकशे एकोणसत्तर, पंधरा, एक. एकशे पंच्याऐंशी. सदतीस पाचे एकशे पंच्याऐंशी.

लिफ्टमध्ये हेच तीन तुकडे माझ्या हातात होते. तेव्हा वजाबाकी केली, बेरीज केली नाही. शंभराच्या आतले सारे करून बसेल आहे, ते म्हणाले होते. सव्वीस वर्षांपूर्वी ते म्हणाले नाव लागलं नाही, आणि मी मान्य केलं. आता ते म्हणाले मी केलेत, आणि मी मान्य केलं. एकशे त्रेचाळीस भागाकार केले, पण त्यांच्या शब्दाच्या आत पाऊल टाकलं नाही. वर्गात कुणीतरी विचारत होतं, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पुढची संख्या सांगा.

रविवारी सकाळी जळगावची बस धरली. चुकले असतील, असं मी पारोळ्यापर्यंत स्वतःला सांगत होते. हलत्या गाडीत, मन ठिकाणावर नसताना, हातचा राहिला असेल. पुढं एरंडोल आलं तसं ते सांगणं जमेना. औटकी न चुकणारा माणूस सदतीसला चुकत नाही. आणि चुकला तर एकदा चुकेल, सव्वीस वर्षं रोज चुकणार नाही.

पिंप्राळ्याला पोचले तर भावजय माहेरी गेलेली, आणि भाऊ मी येण्याचीच वाट बघत थांबलेला. "बरं झालं आलीस, मी साडेपाचपर्यंत येतो," म्हणाला आणि स्कूटरवरून दुकानात गेला. मी स्वयंपाक केला, आबांना वाढलं, भांडी घासली. मग बाहेरच्या ओट्यावर त्यांच्या खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसले.

"आबा, सदतीसनं लावला होता का?"

कुठला आकडा, असं त्यांनी विचारलं नाही. समोरच्या घराच्या भिंतीकडे बघत राहिले.

"मनमाड यायच्या आधीच तुटला व्हता, बाई."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी खूप बोलेन. बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "मग?"

"मंग सत्तावीस हजार चारशे सदतीस राह्यला. सदतीस ओळी, अन् एकेका ओळीत एवढे. म्हटलं, आता हा तुटला तर सांगीन." त्यांनी हाताची बोटं उघडली आणि मिटली. "तो काही तुटला नाही. तोच लावतो आहे तवापासून."

पुन्हा टाका, म्हणणारी माझी आत्या मला आठवली. तिची थट्टा करणारा माणूस हा.

"मग मी फोनवर सांगितलं, तुटतच नाही म्हणून, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू म्हने सोडा. मले वाटलं, सुटलो."

मी उठले. आतून भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडून आणलं, मागची कोरी बाजू वर केली आणि सत्तावीस हजार चारशे सदतीस लिहिला. सातनं चार उरले. अकरानं तीन. तेरानं सात. या वेळी मी कुठलीही संख्या सोडली नाही, कुणाच्या शब्दावर पुढं गेले नाही. आबा बघत होते. एकदा म्हणाले, पाणी पी, मी प्यायले नाही. या आकड्यासाठी एकशे त्रेसष्टपर्यंत जावं लागतं. त्याला तासभर लागला. एकशे त्रेसष्टनं त्रेपन्न उरले आणि संपलं. खरंच एका ओळीचा होता. एवढं तरी त्यांनी मला खरं सांगितलं होतं.

मी कागद त्यांच्या खाटेवर ठेवला. "आकडा एकदाच बोलतो, आबा."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "हो," म्हणाले.

चार वाजले होते. पर्स माझ्या मांडीवर होती, बस स्टँडला जाणाऱ्या रिक्षा समोरच्या रस्त्यावरून एकामागून एक चालल्या होत्या, आणि ओट्याला तर दारच नव्हतं. पण भाऊ साडेपाचला येणार होता, आणि आबांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी बसून राहिले.